हेश्वानची तीस तारीख

बंगळूर,
रविवार, १८ ऑगस्ट १९९६

चि. शुला हिस बेन्यामिनकाकाचा शालोम.

तुझं मे महिन्यातलं पत्र आणि पाच कॅसेट पोचल्या. उत्तराला उशीर झाला. तसं कारण काही नव्हतं.

तुझी डीनामावशी गेल्यावर रविवारचा वर्ग मी बंद केला होता. जूनमध्ये नयनाची आई आली आणि म्हणाली, "अंकल, मुलं नुसती टीव्ही बघतात. तुम्ही काही शिकवू नका, फक्त टेप लावा." तेव्हापासून दोन घरांतली मिळून चार मुलं येतात. नयना नऊ वर्षांची आहे, बाकीची तिच्याहून लहान. या गावात आपलं सिनेगॉग नाही, हिब्रू शिकवणारं कोणी नाही, त्यामुळे तुझ्या कॅसेटी हीच त्यांची शाळा. मी बटण दाबतो आणि खुर्चीत बसतो. तू मध्येमध्ये "आता तुम्ही म्हणा" म्हणून थांबतेस, तिथे पूर्वी डीना मोठ्याने म्हणायची आणि मुलं तिच्यामागून. आता मुलं एकमेकांकडे बघतात. मला ते शब्द येतात, पण म्हणवत नाहीत.

तिचा शिवणाचा डबा परवा उघडला. एका बटणाचं काम होतं. तळाशी दोन कोऱ्या कॅसेट निघाल्या, वेष्टणासकट. तिथे कशा गेल्या कळलं नाही.

आता कामाचं लिहितो. तिचा वर्षाचा दिवस जवळ येतोय. डॉक्टरांच्या दाखल्यावर २३ नोव्हेंबर १९९५, संध्याकाळी साडेपाच असं आहे. आपल्या पंचांगाप्रमाणे ती हेश्वानची तीस तारीख. तू पाठवलेलं येत्या वर्षाचं पंचांग उघडलं, तर त्यात हेश्वान एकोणतीसलाच संपतो आणि लगेच किस्लेवची पहिली. तिसावा दिवसच नाही. मी पान उलटसुलट करून पाहिलं.

आमच्या कारखान्यातले कृष्णमूर्ती अधूनमधून येतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "यात काय एवढं, झिराडकर. आमच्यातही तिथीचा क्षय होतो. पुरोहिताला विचारायचं आणि तो सांगेल त्या दिवशी जेवायचं." मी म्हणालो, आमच्यात पुरोहितही नाही. ते म्हणाले, "मग भाचीला विचारा."

म्हणून तुला विचारतो. गेलेल्यासाठीच्या कद्दीश प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि इथे चार जमवणं कठीण, हे तू जाणतेस. आम्हाला मूलही नाही. तुझ्या यजमानांनी तिथे बीरशेबाच्या सिनेगॉगमध्ये तिच्यासाठी कद्दीश म्हणावा आणि त्याच दिवशी मी इथे दिवा लावावा, एवढीच इच्छा आहे. दिवस तेवढा नेमका कळव. चुकीच्या दिवशी लावला तर लावल्यासारखं वाटणार नाही.

तुझा,
बेन्यामिनकाका


बीरशेबा,
५ सप्टेंबर १९९६

प्रिय काका, शालोम.

नऊ महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. पाकीट फोडायच्या आधी बराच वेळ नुसतं हातात धरून बसले. फोन केला तर तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि मग दोघंही मीटर ऐकत बसतो. पत्रात निदान चार वाक्यं मिळतात.

तुमचा प्रश्न घेऊन मी सिनेगॉगच्या दोन रब्बींकडे गेले. एक म्हणाले एकोणतिसाव्याला करा, दुसरे म्हणाले किस्लेवच्या पहिलीला. माझा नवरा म्हणाला, तिसऱ्याकडे जाऊ नकोस, तो तिसरा महिना सांगेल. पण काका, दोघांनीही आधी एकच गोष्ट विचारली. सूर्य मावळला होता का? आपला दिवस संध्याकाळी सुरू होतो. मावशी अंधार पडल्यावर गेली असेल तर तो तिसावा दिवस नव्हताच, किस्लेवची पहिली लागली होती. मग काही वादच राहत नाही. पहिली दर वर्षी येते.

मी साडेपाच म्हणून सांगितलं. त्यांनी कुठल्याशा पुस्तकात पाहिलं. त्या दिवसांत बंगळूरला सूर्य पावणेसहा-सहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचाच प्रश्न. "तिथे जवळ कोण होतं? त्याला खात्री आहे का?" असं विचारलं. मी म्हटलं, आमच्या काकांना विचारून घड्याळं चालतात. हे मावशीचंच वाक्य. तरी एकदा आठवून सांगा. खिडकीत उजेड होता का? दिवा लावला होता का? तुम्ही तिच्याजवळच होतात, तुमच्याइतकं कोण सांगणार?

इथली वर्गाची गोष्ट. माझ्या दुपारच्या वर्गात सतरा मुलं आहेत, सगळी अलिबाग-पेणकडून आलेल्यांची नातवंडं. मराठी कळतं, पण उत्तर हिब्रूत देतात. मी त्यांना मावशीच्या जुन्या कॅसेटी लावते. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं आपल्या पूर्वजांचं जहाज, वाचलेली सात जोडपी, मलिद्याच्या ताटातले पोहे. मी तोंडाने सांगते तेव्हा मागच्या बाकावर कुस्ती चालते. मावशीचा आवाज लागला की गप्प होतात. ती "ऐकताय ना रे?" म्हणते तिथे सगळे "हो" म्हणतात. बीरशेबातून.

तिने गेल्या वर्षी लिहिलं होतं की हनुक्काची कॅसेट करून पाठवते. ती राहूनच गेली असेल. असली तर कळवा, नसली तर मनाला लावून घेऊ नका.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. थोडं गोड खा.

तुमची,
शुला


बंगळूर,
१९ सप्टेंबर १९९६

चि. शुला,

शालोम. पत्र मिळालं.

दाखल्यावर साडेपाच आहे. तेच धरावं. दोन रब्बींपैकी तुला योग्य वाटेल त्यांचं मत घे आणि तो दिवस कळव.

तब्येत बरी आहे. पाऊस आहे.

बेन्यामिनकाका


बंगळूर,
२४ सप्टेंबर १९९६

चि. शुला,

मागचं पत्र तुला अजून मिळालं नसेल. मिळेल तेव्हा ते बाजूला ठेव आणि हे वाच.

रविवारी सकाळी मुलं आली होती. संध्याकाळी किप्पूरचा उपवास सुरू होणार म्हणून मी तुझी किप्पूरची कॅसेट लावली. तू त्यात सांगतेस की उपवास सकाळी नाही, आदल्या संध्याकाळी सुरू होतो, कारण आपला दिवस अंधारातून उजेडाकडे जातो. मग "आता तुम्ही म्हणा" म्हणून थांबलीस. नयनाने म्हटलं. नंतर माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आजोबा, डीनाआजी दिवे लावायच्या आधी गेली की नंतर?"

मुलांचं असं असतं, त्यांना फक्त जाणून घ्यायचं असतं. मी म्हणालो, कॅसेट ऐक.

काल दिवसभर उपवास केला. प्रार्थना एकट्यानेच वाचल्या. पापांची ती यादी तुला माहीत आहे, आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. दर वर्षी मी आणि डीना ती समोरासमोर बसून वाचायचो आणि ती एखाद्या ओळीला माझ्याकडे बघायची, ही तुमची म्हणून. काल खोटं बोलण्याच्या ओळीवर मी थांबलो. पुढे वाचता आलं नाही.

शुला, मी तिच्याजवळ नव्हतो.

तुला त्या दिवसाचं खरं सांगतो. ती सात महिने आजारी होती. हृदयाचं दुखणं तुला ठाऊक आहे. मी घराबाहेर फक्त औषधाला आणि भाजीला जायचो. त्या गुरुवारी तिला बरं वाटत होतं. म्हणाली, "शुलाला हनुक्काची टेप करायची आहे आणि एक कोरी कॅसेट घरात नाही. चिकपेटेत जाऊन डझनभर घेऊन या, तिथे स्वस्त मिळतात." इथे फ्रेझर टाऊनमध्येही मिळतात, मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "चिकपेटेतच जा." साडेतीनला निघताना मी सांगितलं, साडेपाचला येतो.

साडेचारला माझी खरेदी झाली होती. दुकानाबाहेर कृष्णमूर्ती भेटले. म्हणाले, "स्वल्प बसूया, झिराडकर, किती महिने झाले." आम्ही बाय-टू घेतली, एक कॉफी दोघांत. मग दुसरी घेतली. कारखान्यातल्या जुन्या गोष्टी निघाल्या, आमच्या एका मॅनेजरची टोपी ग्राइंडिंग मशीनच्या पाण्यात पडली होती ती. मी हसत होतो. पाच वाजलेले मी पाहिले. साडेपाच वाजलेलेही पाहिले. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. मला उठावंसं वाटलं नाही. घरी गेलं की पुन्हा गोळ्या, पुन्हा तो वास, पुन्हा तिच्या श्वासाकडे कान. मला अजून थोडा वेळ तिथे बसायचं होतं. सव्वासहाला उठलो. घरी पोचलो तेव्हा सात वाजत होते. दिवा लागलेला नव्हता. ती पलंगावर होती. हात गार होता.

डॉक्टर आले. त्यांनी वेळ विचारली. साडेपाचला येतो असं तिला सांगून गेलो होतो, तीच वेळ तोंडून गेली. त्यांनी लिहिली. नंतर नातलगांना तेच सांगितलं, की माझ्यासमोर गेली, त्रास झाला नाही. तुलाही तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी शब्बाथच्या आधी मैसूर रोडच्या आपल्या कब्रस्तानात नेली.

एकतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. न घेतलेलं माप कधी लिहिलं नाही. हे एक लिहिलं.

तेव्हा तुझ्या रब्बींना सांग की खात्री नाही. ती साडेतीनपासून सातपर्यंत कधीही गेली असेल. दिवस काढता आला तर काढा, नाही तर दोन्ही दिवस दिवा लावेन. पण मला ती कधी गेली हे माहीत नाही, हे मी आयुष्यभर मापाचं काम केलेल्या माणसाने कसं सोसावं, ते सांग.

आणखी एक. पलंगाशेजारी टेपरेकॉर्डर होता. आत कॅसेट होती, शेवटपर्यंत गेलेली. बटण आपोआप वर आलेलं. मी ती काढून कपाटात ठेवली, ऐकली नाही. दहा महिन्यांत दोनदा हातात घेतली. माझ्याने होत नाही. कदाचित हीच तुझी हनुक्काची असेल, कदाचित कोरीच असेल. या पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने पाठवतो. जे असेल ते तू ऐक. ऐकल्यावर माझ्याबद्दल जे वाटेल ते स्पष्ट लिही.

बेन्यामिनकाका


बीरशेबा,
१० ऑक्टोबर १९९६

प्रिय काका,

तुमची दोन्ही पत्रं आणि पाकीट एकाच दिवशी मिळालं. काल रात्रभर ऐकली म्हणणार नाही. सकाळी मुलं शाळेत गेल्यावर ऐकली, तीन वेळा. तिसऱ्या वेळी घड्याळ समोर ठेवून. तुम्हाला माप हवं आहे, तर आधी माप देते.

कॅसेट नव्वद मिनिटांची आहे. एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला मावशी, पंचेचाळीस मिनिटं. ती सुरू करते तेव्हा बाहेर मुलं खेळताना ऐकू येतात. अकराव्या मिनिटाला अजान सुरू होते. तुमच्या गल्लीच्या टोकाच्या मशिदीची, मी एका लग्नाला बंगळूरला आले होते तेव्हा ऐकलेली. मावशी बोलता बोलता थांबते आणि म्हणते, "थांबा रे, अजान होऊ दे. दिवस मावळला." ती संपेपर्यंत काहीच बोलत नाही. नंतर पुन्हा सुरू करते आणि चाळिसाव्या मिनिटापर्यंत बोलते. अजानीनंतर जवळजवळ अर्धा तास.

मी टेपरेकॉर्डर उचलून रब्बींकडे नेला. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी अजान ऐकली, मग पुढचा आवाज ऐकला, घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "हीच ती?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अंधार पडला होता. किस्लेवची पहिली. यात शंका नाही." मग म्हणाले, "त्या मशिदीतल्या माणसाचे आभार मान."

म्हणजे दिवा ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी. माझा नवरा त्या संध्याकाळी आणि १२ तारखेला सकाळी कद्दीश म्हणेल. काका, मावशीचा दिवस पंचांगात आहे. तो हरवला नव्हता.

तुम्ही म्हणालात, स्पष्ट लिही. मी लिहिण्यापेक्षा तीच बोलली आहे. पहिला भाग मुलांसाठी आहे. आपले लोक कोकणात घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने शनवार तेली नाव ठेवलं. पुढे म्हणते, "गंमत बघा, सहा दिवस तेल काढणाऱ्यांना तेलाच्या दिव्यांचा सण ठाऊकच नव्हता. आपले पूर्वज तिकडून निघाले तेव्हा थोडंसं तेल आठ दिवस जळल्याचा तो चमत्कार व्हायचा होता. बातमी पोचायला दोन हजार वर्षं लागली. टपाल तेव्हापासूनच असं आहे." वर्ग हसेल इथे, मला माहीत आहे.

अजानीनंतरचं मी अक्षरशः उतरवलं आहे. मधला धडा सोडून.

"... हं, झाली. साडेपाचला येतो म्हणून गेलेत. आमच्या ह्यांचं साडेपाच म्हणजे साडेपाच. आज नाही आले, म्हणजे कुणीतरी भेटलं असणार. बरं झालं बाई. सात महिन्यांत हा माणूस बोललाय तो फक्त माझ्या गोळ्यांबद्दल. शुला, तुला म्हणून सांगते, कोऱ्या कॅसेट घरात आहेत. दोन मी शिवणाच्या डब्यात लपवल्यात, तिसरी ही घातलीय. नाही तर हे बाहेर पडतात कुठले. कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं असतं तर दहा मिनिटांत परत. म्हणून चिकपेट. हे पुढे वर्गात लावू नकोस, पुसून टाक. ..."

आणि अगदी शेवटी, धडा संपल्यावर:

"... आता जरा पाठ टेकते. बटण बंद करायला पुन्हा उठायचा कंटाळा आलाय, होईल आपोआप बंद. अजून आले नाहीत. बसू देत. ऐकताय ना रे? मग पुढच्या रविवारी."

त्यानंतर पाच मिनिटं आहेत. एक रिक्षा जाते. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते. तिचा आवाज नाही, कण्हणं नाही, हाक नाही. मी कान लावून तीनदा ऐकलं, फक्त ते तुम्हाला सांगता यावं म्हणून. तिने तुम्हाला हाक मारली नाही, काका. तिला तुम्ही यायला नको होतात, अजून थोडा वेळ.

तुमच्याबद्दल मला काय वाटतं, हे लिहायची आता गरज आहे का?

तिने पुसायला सांगितलं ते मी पुसणार नाही. वर्गातही लावणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा कुणाच्या तरी हाती परत पाठवीन.

तुमची,
शुला


बंगळूर,
१२ नोव्हेंबर १९९६

चि. शुला,

शालोम. तुझं पत्र २६ ऑक्टोबरला मिळालं. उत्तर आज लिहितो आहे कारण आधी दिवस होऊन जाऊ द्यायचा होता.

कॅसेट इतक्यात पाठवू नकोस. तुझ्याकडे ती मुलांच्या कामाची आहे. कधीतरी मागेन.

काल चारही मुलं आली, सोमवार असूनही. कृष्णमूर्तींना मीच बोलावलं होतं. त्यांना मी वर्षभर एवढंच सांगितलं होतं, की त्या रात्री मी घरी पोचल्यावर ती गेली. मी इतके दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही याचं कारण त्यांना वाटत होतं दुःख. काल खरं सांगितलं. ते म्हणाले, "दुसरी कॉफी मीच मागवली होती. तुम्ही नको म्हणाला होतात." हे मला आठवत नव्हतं. खरं आहे की माझ्यासाठी म्हणाले, कळत नाही. मी तपासायला गेलो नाही.

दिवा डीनाच्या जुन्या काचेच्या पेल्यात लावला, अर्धं पाणी आणि वर खोबरेल. वात नयनाने वळली, जरा जाड झाली. सगळं मांडून आम्ही खिडकीशी उभे राहिलो. नयना म्हणाली, "आजोबा, आता काय करायचं?" मी म्हटलं, थांबायचं. घड्याळ मी मुद्दाम आतल्या खोलीत ठेवलं होतं. अजान सुरू झाली. ती संपेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही, धाकटाही नाही. मग दिवा लावला.

कद्दीश म्हणता आला नाही, आम्ही दोन पुरुष, त्यातले एक माध्व ब्राह्मण. तेव्हा मी नयनाच्या घरून आणलेल्या दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर तुझी जुनी कॅसेट लावली, शमा प्रार्थनेची. तू "आता तुम्ही म्हणा" म्हणून थांबलीस. मुलांनी नेहमीसारखं एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं. पहिला शब्द नीट निघाला नाही. पुढच्या ओळीला मुलं मागून आली.

दिवा अजून जळतो आहे. जाड वातीचा दिवा इतका टिकेल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी चिकपेटेतून आणलेल्या बारा कॅसेटींची पिशवी मी वर्षभर उघडली नव्हती. काल उघडली. त्यातली एक या पत्रासोबत पाठवतो. रेकॉर्डर मी अजानीच्या थोडा आधी सुरू केला आणि आपोआप बंद पडेपर्यंत तसाच ठेवला. मला डीनासारखं सांगता येत नाही, पण मुलांनी विचारलं म्हणून घाण्याबद्दल आठवलं तेवढं बोललो आहे. माझे आजोबा बैलाच्या डोळ्यांना झापड कशी बांधायचे ते. तुझ्या वर्गाला चालेल का बघ.

शेवटी मुलं गेल्यावर थोडा भाग आहे. त्यात मी आणि कृष्णमूर्ती कॉफी घेतो आहोत, कुणीच काही बोलत नाही. तो पुसू नकोस.

तुझा,
बेन्यामिनकाका